एका ओळीत नऊ नावं

भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत खताचं एक दुकान आहे. दुकानाच्या बाजूच्या जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या लागतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत नऊ खुर्च्या, नऊ कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यातल्या फळीवर मेंगाई देवीचा फोटो. फोटोच्या शेजारी बुद्धाची लहानशी मूर्ती. फोटो स्नेहलनं लावलेला, मूर्ती संघपालनं आणलेली. सकाळी जो आधी येईल त्यानं दोन्हींवरची धूळ पुसायची आणि मगच बटण दाबायचं.

इथं दुधाचं काम चालतं, पण दुधाचा थेंब दिसत नाही. गावोगावच्या डेअरीत माणसं सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. काट्यावर वजन होतं, फॅट लागते, पावती निघते, आणि घालणारा घरी पोचायच्या आत त्याच्या मोबाईलवर मेसेज वाजतो. ती पावती आणि तो मेसेज ज्या प्रोग्रॅममधून निघतो त्याचं नाव ‘धारनोंद’. तो या दोन खोल्यांत तयार होतो. सहा वर्षं स्नेहल त्या टीमची प्रमुख आहे. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला संघपालसुद्धा.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मंगळवारी सकाळी मालक अमृत खोपडे जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले. हातात पेढ्यांचा पुडा.

“दार लावून घ्या,” ते धापा टाकत म्हणाले.

“दादा, काय झालं? परत लगीन ठरलं काय?” गोरख म्हणाला. गोरख वेल्ह्याचा. डेअरीवाल्यांचे फोन घ्यायचं काम त्याचं. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून त्याची जीभ अशी सैल झाली होती.

“गप रे. हैदराबादची कंपनी आपल्याला विकत घेतीय. पाच राज्यांत त्यांच्या डेअऱ्या हायत. पाच! आपली धारनोंद तिथं लागणार.”

अश्विनीनं टाळी वाजवली, आणि नऊ जणांनी एवढा गलका केला की खालून खतवाला ओरडला, “भूकंप झाला का काय रं वर?”

स्नेहल खुर्चीतून उठलीच. पाच राज्यं! पासलीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं नकाशा भरला होता, तेव्हा गुरुजींनी प्रत्येक राज्याला वेगळा रंग द्यायला लावला होता. त्या रंगारंगांत आता तिच्या हातची पावती निघणार होती. तिनं फळीकडं बघून मनातल्या मनात हात जोडले.

“फक्त एक फॉर्म भरून द्यायचाय शुक्रवारपर्यंत,” अमृतदादा म्हणाले. “तो तू भर, स्नेहल.”

फॉर्म तिनं दुपारी उघडला. धारनोंदचे चौदा भाग, त्याच्या चौदा ओळी. काट्याचं वजन वाचणारा भाग, फॅटचा भाग, पावतीचा, मेसेजचा, असे. प्रत्येक ओळीसमोर एक मोकळी चौकट: हा भाग कोण सांभाळतं? खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ज्यांची नावं चौकटीत येतील त्यांना नव्या कंपनीचं पत्र लगेच मिळेल. बाकीच्यांचा विचार पुढं केला जाईल.

पुढं म्हणजे कधी, हे कुठंच लिहिलं नव्हतं.

स्नेहलनं पहिल्या चौकटीत नावं लिहायला सुरुवात केली. संघपाल, अश्विनी, गोरख, आपलं स्वतःचं, आणखी पाच जणांची. नऊ नावं. दुसऱ्या ओळीत तीच नऊ. चौदाही ओळींत नऊच्या नऊ. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण खरं तेच होतं.

ते खरं कसं झालं, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

स्नेहल पासलीची. तोरण्याच्या मागच्या अंगाला डोंगरात भाताची खाचरं आहेत, तिथली. वडील गेनबा, आई चंद्राबाई. सातवीपर्यंत गावात, पुढं एसटीनं वेल्ह्याला, मग पुण्याला डिप्लोमा. सगळं शिक्षण मराठीतून, त्यामुळं पहिल्या मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं तेव्हा तिनं उत्तर फळ्यावर लिहून दाखवलं आणि नोकरी मिळवली. त्या पुण्याच्या कंपनीत चाळीस माणसं होती, पण प्रत्येकजण आपापला कोपरा झाकून बसायचा. आपल्यावाचून अडलं पाहिजे, तर आपली किंमत, असा तिथला हिशेब. लग्न होऊन ती किकवीला आली. नवरा सोमनाथ, त्याचं शिवऱ्याला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. मग किकवी ते भोर स्कूटीवर ये-जा करायची म्हणून तिनं अमृतदादांची ही नोकरी धरली.

पहिल्या वर्षी इथंही तसंच होतं. काट्याचा भाग फक्त संघपालला यायचा. त्याला डेंग्यू झाला आणि तो दवाखान्यात सलाईन लावून पडला, त्याच आठवड्यात काटे अडले. स्नेहलनं एकटीनं काहीतरी जुळवलं आणि घाईघाईनं सगळ्या डेअऱ्यांना पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी एसटीनं भोरला आली आणि पत्ता विचारत जिना चढली. बाळाबाई तिचं नाव. ओच्यातली पावती काढून तिनं स्नेहलसमोर धरली आणि विचारलं,

“पोरी, माझी म्हस आटली, का तुझं मशीन?”

मशीनच आटलं होतं. स्नेहलच्या त्या एका चुकीपायी चाळीस गावांतल्या पावत्यांवर दूध कमी उठत होतं. तिनं बाळाबाईला पाणी दिलं, चहा दिला, पाया पडली. म्हातारी उठताना म्हणाली, “बाय, येकटीनं नको करत जाऊ. कुनाला तरी दावीत जा.”

त्या रविवारी ती माहेरी गेली होती. पासलीत सावड चालू होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात राबायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझ्या. मजूर लावायचा नाही. ज्यानं तुमच्याकडं एक दिवस दिला, त्याच्याकडं तुम्ही एक दिवस द्यायचा, मग तो पाटील असो नाहीतर कोणी असो. बांधावर बसून ते बघताना स्नेहलच्या मनात आलं, हे आपल्या ऑफिसात का नाही?

सोमवारपासून तिनं ते सुरू केलं. या आठवड्यात सगळे काट्याच्या भागात, पुढच्या आठवड्यात सगळे पावतीच्या. ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना हातानं करायला लावायचं. गोरख बारावी झालेला, फोन घेणारा, पण तोही बसायचा. आणि दुसरा नियम बाळाबाईचा: एकानं केलेलं दुसऱ्यानं बघितल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही. पहिले सहा महिने सगळे कुरकुरले. मग अंगवळणी पडलं. पुढं तर कार्तिकात एक दिवस सगळी टीम खरोखरच पासलीला जाऊन गेनबांचं भात कापू लागली, आणि गेनबा श्रावणात एक दिवस भोरला येऊन ऑफिसच्या खिडक्या-दारांची सुतारकी करून जाऊ लागले. त्यांची सावड ते अशी फेडायचे.

तर फॉर्ममध्ये नऊ-नऊ नावं गेली, आणि बुधवारी सकाळी दहा वाजता हैदराबादहून फोन आला. शेफाली मॅडम. खरेदीचं सगळं काम त्यांच्याकडं होतं. त्या मूळच्या इंदूरच्या, त्यामुळं त्यांना मराठी कळायची आणि त्या बोलायच्याही, थोडं अडखळत.

“स्नेहलजी, फॉर्ममध्ये गडबड झालीय. सगळ्या ओळींत तीच नावं कॉपी झालीत.”

“गडबड नाही मॅडम. तसंच आहे.”

“म्हणजे? नऊ जणांना चौदाच्या चौदा भाग येतात?”

“हो.”

मग त्या सरळच म्हणाल्या, “मी अशा बारा कंपन्या घेतल्यात. प्रत्येक ठिकाणी असं होतं, की लीडर सगळ्यांची नावं लिहितो, कारण त्याला कुणाला दुखवायचं नसतं. तुम्ही चांगल्या आहात, समजतं. पण मला चार नावं द्या. त्या चौघांना आणि तुम्हाला पुण्याच्या ऑफिसात जागा आहे. भोरचं ऑफिस आम्ही ठेवणार नाही.”

चार नावं! संघपालचे आईवडील, सोपानकाका आणि गीताबाई, भोरातच राहतात, दोघंही थकलेले. तो पुण्याला कसा जाणार? अश्विनीचं बाळ दहा महिन्यांचं. आणि गोरखचं तर नावच पहिल्यांदा गळणार. ना डिग्री, ना इंग्रजी.

“मॅडम, मी खोटं लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही येऊन बघा.”

“ठीक. उद्याच येते. गुरुवारी.”

“उद्या आम्ही ऑफिसात नाही.” स्नेहलनं डोळे मिटून घेतले आणि खरं ते सांगून टाकलं. “उद्या आमची सावड आहे. पासलीला. भात कापायला सगळे जाणार.”

“सगळे? कंपनी विकली जातेय आणि तुम्ही भात कापणार?”

“शब्द दिलाय मॅडम. तुम्ही तिकडंच या. लॅपटॉप सोबत असतात आमचे, देवळामागं रेंज येते.”

अमृतदादांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. “अगं, तुझ्या आबांना सांगून दिवस पुढं ढकल की!”

स्नेहलनं गेनबांना फोन लावलाही. ते म्हणाले, “म्या पुढं ढकलीन पोरी, पर भात ढकलंल का? दाणं गळाय लागल्यात. तुमी न्हाई आला तरी चालंल, आमी म्हातारा-म्हातारी जमंल तेवढं करू.” हे शेवटचं ऐकल्यावर तर न जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

गुरुवारी सकाळी उन्हं डोंगरावरून खाली उतरायच्या आत नऊ जण पासलीच्या खाचरात होते. गेनबांनी पहिली मूठ कापून बांधावरच्या देवाला वाहिली, आणि विळे चालू झाले. इंद्रायणी भाताचा वास सुटला होता. एरवी यावेळी गोरखच्या नकला चालायच्या. आज सगळे भराभर कापत होते आणि सारखं रस्त्याकडं बघत होते.

साडेदहाला नसरापूर, वेल्हे करत एक पांढरी गाडी आली. आधी अमृतदादा उतरले, घामाघूम. मग शेफाली मॅडम. पायांत साध्या चपला, पाठीवर बॅग, केस आखूड. बांधावरून चालताना त्या घसरल्या, पण पडल्या नाहीत.

“या बाय,” चंद्राबाई म्हणाल्या आणि तांब्या पुढं केला. “पानी प्या आदी. लई लांबनं आलाय.”

पाणी पिऊन मॅडमनी लगेच कामाला हात घातला. त्यांनी दोन पाकिटं काढली. एकात नऊ चिठ्ठ्या माणसांच्या नावांच्या, दुसऱ्यात चौदा चिठ्ठ्या भागांच्या. “तुमच्या प्रोग्रॅमची एक वेगळी प्रत आमच्याकडं आहे. चिठ्ठीत जो भाग निघेल तो आमची माणसं हैदराबादला बसून बिघडवतील. ज्याचं नाव निघेल त्यानं तो एका तासात दुरुस्त करून पाठवायचा. एकट्यानं. जमलं, तर तुमचा फॉर्म खरा. नाही जमलं, तर संध्याकाळपर्यंत मला चार नावं.”

चिठ्ठ्या काढायला चंद्राबाईंना बोलावलं. त्यांनी हात पदराला पुसले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि एकेक चिठ्ठी उचलली.

“काट्याचं वजन,” मॅडमनी वाचलं. मग दुसरी. “गोरख.”

संघपालनं विळा खाली ठेवला. अमृतदादा बांधावर मटकन बसले. चौदांतला सगळ्यात अवघड भाग, आणि नऊ जणांतला एकटा बारावीवाला.

“आई, तुझ्या हाताला काय झालं गं?” स्नेहल हळूच म्हणाली.

“म्या काय केलं? देवीनं दिलं ते काडलं.”

गोरखनं मात्र हात धुतले, लॅपटॉप काखेत मारला. “चला मॅडम, देवळामागं. आज फोनवर कुनी शिव्या देनार न्हाई, हेच लई झालं.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी तास सुरू झाला. देवळामागं कट्टा होता, तिथून खालचं सगळं खाचर दिसायचं. मॅडम गोरखच्या शेजारी उभ्या राहिल्या. स्नेहलला जवळ थांबायची परवानगी होती, बोलायची नव्हती. पाच मिनिटांत चंद्राबाई भाकरीची पाटी देवळाच्या सावलीत ठेवायला वर आल्या आणि मॅडमना नुसतं उभं बघून त्यांना राहवेना.

“बाय, सावडीत रिकामं उबं ऱ्हायाचं न्हाई. दिसतंच तितनं सगळं. चला.” आणि त्यांनी मॅडमच्या हातात विळा दिला.

मॅडम गोंधळल्या, हसल्या, आणि खरंच कट्ट्याखालच्या पहिल्या खाचरात उतरल्या. अमृतदादांना कळेना, आडवं जावं की नको.

“मूठ खालून धरा. बोट संबाळा. आता वडा. हां, पुन्यांदा.”

वर गोरखची बोटं चालली होती. वीस मिनिटांनी तो स्वतःशीच बोलला, “आयला, हे तर गुंजवणीकडचं दुखनं.” दोन वर्षांमागं तिकडच्या एका डेअरीतून फोन आला होता: काट्यावर आठ पॉइंट चार किलो, पावतीवर चौऱ्याऐंशी! पॉइंटच गळत होता. फोन गोरखनं घेतला होता, आणि त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून तो दुरुस्त केला होता. त्याला जागा माहीत होती. त्यानं बरोबर तिथं हात घातला.

अकरा वाजून पन्नास मिनिटं. पडद्यावर आठ पॉइंट चार आलं. आनंदानं स्नेहलला ओरडावंसं वाटत होतं. अजून वीस मिनिटं शिल्लक! मॅडम विळा घेऊनच वर आल्या, पडद्यात बघितलं, भुवया उंचावल्या.

“अच्छा! आता पाठवा.”

गोरखनं मान हलवली. “अश्विनीताईला हाक मारा. त्यांनी बघितलं की पाठवतो.”

“नाही नाही. एकट्यानं करायचंय. मदत घेतली तर धरणार नाही मी.”

“मदत नको मला. नजर पायजे. दुसऱ्यानं बघितल्याबिगर आमी पाठवत न्हाई.”

“ही परीक्षा आहे, गोरख. खरी डेअरी नाही. बटण दाबा.”

गोरखचं बोट बटणावर आलं, आणि थांबलं. त्यानं स्नेहलकडं बघितलं.

खालून अमृतदादा ओरडले, “पाठव रे बाबा! हात जोडतो!”

आता सगळं स्नेहलवर आलं. एक बटण. दाबलं की नऊ पत्रं. नाही दाबलं तर चार नावं, आणि ती तिनंच लिहायची. तिला संघपाल खाली वाकलेला दिसला, अश्विनी पेंढी बांधताना दिसली. काय बिघडतं? हे काही खरं दूध नव्हे. आणि मग तिला तो जिना आठवला, ओच्यातून निघालेली चुरगळलेली पावती आठवली. बाळाबाईलाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, की हे खरं आहे की परीक्षा.

“गोरख, पाठवू नकोस,” ती म्हणाली. “अश्विनी! ए अश्विनी! वर ये!”

मॅडमनी घड्याळात बघितलं आणि कट्ट्यावर बसल्या.

अश्विनी धावत आली, डोक्यावरचा टॉवेलही न काढता. तिनं एक वजन घालून बघितलं, दुसरं घातलं, मग थांबली. “किलोवाल्या डेअरीचं बरोबर आहे. लिटरवाल्याचं बघितलं का रे?”

गोरखनं जीभ चावली.

काही डेअऱ्या दूध किलोत घेतात, काही लिटरमध्ये. अश्विनीनं लिटर लावून तेच वजन घातलं. “हे बघ. आठ पॉइंट चार किलोचे आठ पॉइंट पंधरा लिटर यायला पाहिजेत. इथं नुसतं आठ येतंय. वरचं सगळं गेलं.”

“आयला! रोज सकाळी कुनाचं तरी पंधरा पॉइंट दूध हवेत गेलं असतं,” गोरख म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

दोघांनी डोकं जोडलं. संघपालही आला, त्यानं बघितलं, मान डोलावली. पाठवलं तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पंधरा मिनिटं उशीर.

“वेळ संपून गेली होती,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं. मग त्यांनी फोन लावला. “हॅलो. तो बिघाड तुम्ही केला, त्याची आपली दुरुस्ती तयार आहे ना? त्यात लिटरचं बघितलंत? ... लिटर, लिटर. किलो नाही.”

पलीकडून कुणीतरी काही बोललं.

“चेक करून सांगता? अच्छा. करा, मी फोनवरच थांबते.”

उत्तर आल्यावर त्यांनी फोन ठेवला, आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. “आठ आलं त्यांचंही. नुसतं आठ. आणि ते चारजण आहेत, डिग्रीवाले.”

गोरख म्हणाला, “मॅडम, त्येंना चारी जनांना आपापलं खाचर असंल. दुसऱ्याच्या बांधावर कुनी जात नसंल.”

जेवायला सगळे कट्ट्यावरच बसले. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, ठेचा, आणि नव्या तांदळाचा वाफाळता भात. मॅडमनी तीनदा भात घेतला. त्यांच्या तळहाताला विळ्यानं फोड आला होता, चंद्राबाईंनी त्याला खोबरेल लावलं. नोकऱ्यांचं कुणीच बोलत नव्हतं, आणि सगळे त्याचाच विचार करत होते. शेवटी हात धुताना मॅडम म्हणाल्या,

“स्नेहलजी, एका चौकटीत एकच नाव मावतं, असं आमच्या कंपनीत गृहीत धरलंय. मी फॉर्म बदलून घेते. पण वर विचारतील, चूक झाली तर कुणाला पकडायचं?”

“मला,” स्नेहल म्हणाली. “चौदाही ओळींसाठी मला. बाकीच्यांना नाही.”

“आणि भोरचं ऑफिस?”

“ते बंद केलं तर ही माणसं फुटतील मॅडम. फुटल्यावर प्रत्येकाकडं दीड-दीड भाग उरेल. मग तुम्ही विकत काय घेतलं?”

मॅडमनी तेही वहीत लिहिलं. अमृतदादांनी एवढा मोठा श्वास सोडला की चंद्राबाईंनी विचारलं, “ठेचा लागला का वो?”

दुपारनंतर मॅडम गेल्या नाहीत. संध्याकाळी शेवटची पेंढी बांधेपर्यंत खाचरातच होत्या.

शुक्रवार गेला. शनिवारी काही नाही, रविवारी काही नाही. किकवीच्या घरी स्नेहल दिवा लावून उठली की मोबाईल बघायची, आणि सोमनाथ म्हणायचा, “अगं, देवाला तरी शांतपणानं काही मागू दे. मध्येच मोबाईल काय?” ती म्हणायची, “मागितलंय. आता पोच बघतीय.”

सोमवारी अकरा वाजता ऑफिसात नऊ मोबाईल एकदम वाजले. आधी वाटलं डेअरीचा मेसेज. मग संघपाल उभा राहिला. अश्विनी उभी राहिली. गोरखनं आपलं पत्र तीनदा वाचलं आणि मोबाईल स्नेहलच्या हातात दिला. “ताई, ह्ये माझंच हाय ना? नाव नीट बघ.”

त्याचंच होतं. नऊही जणांची होती. भोरचं ऑफिस सध्या दोन वर्षं तसंच राहील, पुढचं पुढं बघू, असं लिहिलं होतं. दोन तर दोन. खतवाला आज जिन्यानं वरच आला आणि पेढा घेऊनच खाली गेला.

स्नेहलनं पहिला फोन पासलीला लावला. बातमी ऐकून चंद्राबाईंनी तिथूनच मेंगाईला हात जोडले असणार, कारण फोन गेनबांकडं गेला.

“ब्येस झालं,” गेनबा म्हणाले. “पर पोरी, त्या बायनं आपल्याकडं अख्खा दिस काम केलं. हाताला फोड येस्तोवर. त्यांची सावड ऱ्हायलीय आपल्यावर.”

“आबा, त्या हैदराबादला राहतात.”

“मग? त्येंचं खाचर तितंच आसंल की. जावा सगळीजनं, आन् एक दिस राबून या.”

स्नेहल हसत सुटली. हसता हसता तिनं नवं पान उघडलं आणि मॅडमना लिहायला बसली: तुमच्या माणसांना काट्याचा भाग शिकवायला आम्ही एका दिवसासाठी येऊ का? नऊ जण येऊ. आबा म्हणतात, तुमचा एक दिवस आमच्यावर आहे.

लिहून झालं. बोट बटणावर नेलं, आणि थांबलं.

“गोरख,” तिनं हाक मारली, “जरा ये. हे बघ आधी.”